थोरला, धाकटा आणि जबलपूर

जबलपूरला जाताना माझ्याकडे दोन कॅमेरे होते आणि परत येताना एक. चोरी झाली नाही, नर्मदेत पडला नाही, कुणी हिसकावूनही घेतला नाही. सांगलीत भेटणारा प्रत्येक जण विचारतो, मग दुसरा गेला कुठे? प्रत्येकाला पहिल्यापासून सांगता सांगता माझा चहा गार होतो, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते.

आधी दोघांची ओळख. थोरला म्हणजे माझा जुना डीएसएलआर. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं धंदा सोडला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. थोरल्यानं किती नवऱ्या आणि किती रुसलेले मामा पाहिलेत कुणास ठाऊक. कोपऱ्यांवरचा रंग उडून आतला धातू दिसतो, पण अजून एकदाही सर्दी झाल्याचं त्यानं सांगितलेलं नाही. लेन्ससकट पिशवीत घातला की कडेवरच्या बाळाइतका जड, आणि बाळ निदान अधूनमधून दुसऱ्याकडे जातं. धाकटा म्हणजे मुलीनं वाढदिवसाला दिलेला छोटा डिजिटल कॅमेरा. पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी मावतो आणि काढलेले फोटो आपले आपण मोबाइलवर पाठवतो.

मुलीनं तो दिला माझ्या उजव्या खांद्यापायी. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर पेशंटना सांगायचं, एका खांद्यावर वजन घेऊ नका, आणि रविवारी थोरल्याला त्याच खांद्यावर टाकून दंडोबाचा डोंगर चढायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. शेवटी खांद्यानं संप केला आणि वेणी घालायला हात मागे जाईना. तरी थोरल्याला सोडवेना. त्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावला की बाकीचं जग गप्प होतं, ते सुख धाकट्याच्या पडद्यात नाही.

जबलपूरची माझी मामेबहीण सुनंदा हे सगळं फोनवर ऐकून कंटाळली. "वर्षा, दोन दोन ठेवून तू करते काय? दोन्ही घेऊन ये. इथं वापरून पाहा अन् एक ठेवून जा. मी रोज ग्वारीघाटावर फिरायला जाते, मला पाहिजेच आहे."

"कोणता पाहिजे?"

"तुला नको तो. अन् हो, आईला तिचा फोटो काढून पाहिजे. कोणता, ते समजून घे."

मी समजले. सुनंदाची आई म्हणजे माझी नलूमामी, पंच्याऐंशी ओलांडलेली. तिला हाराचा फोटो काढून हवा होता.

राइट टाउन

रेल्वेतल्या हालअपेष्टा सांगत नाही, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. पहाटे स्टेशनवर कडाक्याची थंडी होती आणि सुनंदाचे यजमान, प्रकाशराव, माकडटोपी घालून उभे होते. प्रकाशरावांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी आहे, पण आरतीपुरतं आणि रागावण्यापुरतं. बाकी सगळा विचार हिंदीत. त्यांना मराठी कळतं बऱ्यापैकी, बोलताना मात्र ते रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखे दोन्हीकडे बघत शब्द टाकतात.

"आइए दीदी," पिशवी घेत ते म्हणाले. "तुमच्यासाठी वरची खोली खाली केली आहे."

वरची खोली खाली कशी येईल? राइट टाउनमधल्या त्यांच्या घरी पोचल्यावर सुनंदाला विचारलं, तर ती हसत सुटली. "अगं, खाली म्हणजे रिकामी. तुझ्यासाठी रिकामी केली." हिंदीतला खाली आणि आपला खाली, शब्द एक आणि अर्थ दोन. मी पण पोट धरून हसले. तेव्हाच खूणगाठ बांधायला हवी होती, पण समोर नाश्ता आला.

नाश्त्याला पोहे आणि जिलबी. आमच्याकडे जिलबी म्हणजे लग्नाची पंगत. सकाळी आठाला पोह्यांशेजारी ती बघून मला उगाच कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटलं. संध्याकाळी प्रकाशरावांनी खव्याची जिलबी आणली. ती काळपट, जाड आणि मऊ. पहिली खाताना ही जिलबी आहे की गुलाबजाम यावर मी वाद घातला, तिसरी खाताना वाद मागे घेतला. मी नेलेला भडंग मात्र मामीनं एकटीनं ताब्यात घेतला आणि डबा उशाशी ठेवला.

मामी वर्ध्याकडची. लग्न होऊन इथं आली त्याला जन्म लोटला, पण तिनं बोली काही सोडली नाही. रात्री जेवताना तिनं दोन्ही कॅमेरे मागून घेतले. धाकट्याला उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "यानं नको काढू. यानं काढला तर आधार कार्डासारखा येते."

"मामी, हा नवा आहे, चांगला आहे."

"असेल बाप्पा. पण भिंतीवर टांगायचा आहे, बँकेत नाही दाखवायचा. मोठ्यानंच काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी जांभळी साडी नेसून, कवळी लावून, खिडकीशी खुर्चीवर बसली. धुकं नुकतं विरत होतं आणि खिडकीतून येणारा उजेड कुणी गाळून घेतल्यासारखा होता. मी थोरल्यात नवं कोरं कार्ड घातलं आणि डोळा लावला.

"मामी, थोडं हसा."

"काहून? हार घातलेला माणूस हसून राहिला, तर आलेल्यांना रडता येत नाही."

सुनंदा स्वयंपाकघरात पळाली. मी हसू दाबून फोटो काढत राहिले. थोरल्याचा तो जुना आवाज, खटॅक, प्रत्येक वेळी मामी मान हलवून पोच देई. त्यातला एक असा आला की मला माझाच अभिमान वाटला. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी, डोळ्यांत खिडकी, आणि ओठांवर हसू नसलं तरी ते जवळपासच कुठे तरी असल्याची खूण. मामीला पडद्यावर दाखवला. तिनं चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला.

"हौ," ती म्हणाली. "ही बाई गेली तर लोकांना वाईट वाटेल."

त्याच क्षणी माझा निर्णय झाला. धाकटा सुनंदाला द्यायचा, थोरला माझ्यासोबत सांगलीला परत. खांद्याचं काय व्हायचं ते होवो. मामी त्या दिवशी दुपारी फारशी जेवली नाही आणि गप्पच होती. फोटोला बसून दमली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

भेडाघाट

तिसऱ्या दिवशी प्रकाशराव मला भेडाघाटला घेऊन गेले. धुआँधार धबधब्यापाशी पोचायच्या आधी तुषारच येऊन भेटतात. कठड्याशी उभं राहिलं की पाणी कोसळतंय की उकळतंय हे कळत नाही. आमच्याकडचे धबधबे डोंगरावरून उतरतात. इथे सपाट वाहणारी नदीच अचानक पायाखालून नाहीशी होते. धाकट्याच्या काचेवर लगेच थेंब बसले, मग त्यानं तोंड बाहेर काढलं, आत घेतलं, आणि मला बंद करून चालू करा असं पडद्यावर लिहून कळवलं. थोरला चिंब भिजला आणि काम करत राहिला.

पण थोरल्याचंही एक लचांड झालं. इंदूरकडून आलेलं एक कुटुंब माझ्यासमोर ओळीनं उभं राहिलं, पदर सावरले, आणि त्यातल्या बाई म्हणाल्या, "दीदी, जल्दी खींच दो, बस छूट जाएगी." एवढा मोठा कॅमेरा म्हणजे घाटावरची फोटोवाली, हा त्यांचा सरळ हिशोब. तेवढ्यात खरा घाटावरचा फोटोवाला गळ्यातलं ओळखपत्र सावरत आला आणि माझ्याकडे असं पाहू लागला की मी त्याच्या ताटातली पोळी उचलली आहे. मी हात जोडून थोरला पिशवीत घातला. धाकटा काढल्याबरोबर मी पुन्हा साधी पाहुणी झाले आणि कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धाकट्याचा हा गुण मात्र मान्य करायला हवा.

संगमरवराच्या खडकांमधून नाव निघाली. इथले नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवून नदीची माहिती सांगतात, त्यात प्रवाशांनाही ओवतात. आमच्या नावाड्यानं मला पिशवीतून थोरला काढताना पाहिलं आणि लगेच सुरू केलं, "बैठो सँभल के, कैमरा है भारी, इधर झुकी दीदी तो उधर गई सवारी." सगळी नाव हसली. दोन्ही बाजूंना पांढरे, पिवळसर, कुठे निळसर कडे, आणि मधे हिरवं पाणी इतकं शांत की मघाचा धबधबा याच नदीचा यावर विश्वास बसेना.

परत येईपर्यंत धाकट्याचं कार्ड भरलं. त्यात सांगलीचे जुने फोटो होते, घरी उतरवून ठेवलेले, म्हणून आजचे मोबाइलवर घेऊन मी सगळं कार्ड पुसून टाकलं. प्रकाशराव शेजारून बघत होते.

"सब उड गया?"

"हो. एका बटणात."

"आणि मोठ्याचं कुठे असतं?"

शिकवायची खोड जात नाही. मी थोरल्याचा मेन्यू उघडून तेही दाखवलं. "इथे. पण हात नाही लावायचा."

"जी, बिलकुल नहीं," प्रकाशराव म्हणाले, आणि तो माणूस दिलेल्या शब्दाला जागणारा आहे हे मी आजही सांगेन.

पुन्हा राइट टाउन

संध्याकाळी सुनंदानं मेंदी भिजवली होती. आम्ही दोघींनी डोक्याला ती थापली, वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि व्हरांड्यात बसलो. कानावरून हिरवा ओघळ आलेला. अशा अवतारात असताना समोर पाहते तो प्रकाशराव, डोळ्याला थोरला लावून. खटॅक.

"दीदी, हँसिए."

"प्रकाशराव, आधी तो कॅमेरा खाली करा."

"खाली?"

"हो, खाली."

"पूरा?"

"पूर्ण खाली. आत्ताच्या आत्ता."

"जी." त्यांनी मुकाट्यानं कॅमेरा डोळ्यापासून काढला आणि आत गेले. किती समजूतदार जावई मिळाला मामीला, असं मी सुनंदाला म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

जेवायला बसलो. गोळाभात होता, वर कढत फोडणीचं तेल. पहिला घास घेतला तोच प्रकाशराव समाधानानं म्हणाले, "दीदी, कर दिया खाली. आता जागाच जागा आहे."

माझा दुसरा घास हातातच राहिला. वरची खोली आठवली, स्टेशनवरची थंडी आठवली, सगळं एकदम आठवलं. थोरला आणून पाहिला. कार्डावर पेरूचं झाड होतं. पुसल्यावर नीट चालतो का हे बघायला प्रकाशरावांनी अंगणातल्या पेरूवर रोखून बटण दाबून धरलं होतं आणि थोरल्यानं इमानानं पेरूमागून पेरू काढले होते. भेडाघाट नाही, नावाडी नाही, आणि मामी नाही. काय झालं ते कळल्यावर प्रकाशरावांचा चेहरा असा उतरला की त्यांच्यावर ओरडायचंही मला सुचेना. सुदैवानं मामी लवकर जेवून तिच्या खोलीत गेली होती.

गोहलपूर

सकाळी प्रकाशराव आणि मी रिक्षानं गोहलपूरला गेलो. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा ओलांडत, एका गल्लीत त्यांच्या ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे. पुसलेलं कार्ड परत वाचून दाखवणारं काही तरी त्याच्याकडे होतं. तो काम करत असताना प्रकाशराव दाराशी उभे राहून "नर्मदे हर" पुटपुटत होते.

पडद्यावर एकेक चित्र यायला लागलं. धुआँधार आला, ओळीनं उभं राहिलेलं इंदूरचं कुटुंब आलं, पांढरे कडे आले, मेंदीची पिशवी बांधलेली मीसुद्धा आले. मामी आली नाही. तिचे फोटो कार्डाच्या सुरुवातीला होते.

"उनके ऊपर ही ये पेड़ बैठ गया है," तो माणूस हळहळून म्हणाला. "इसके नीचे अब कुछ नहीं बचा."

परतताना प्रकाशराव म्हणाले, "मम्मीजींना कोण सांगणार?" सासूला भिणारा जावई मी पहिल्यांदाच पाहत होते, आमच्याकडे हा रिवाज उलटा आहे. "बोल देते हैं, कैमरा पुराना था, खराब हो गया."

"थोरल्यावर आळ घ्यायचा नाही," मी म्हटलं. "मी सांगते."

म्हटलं खरं, पण वेळ थोडा होता. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. या वयाची बाई, एकदा साडी नेसून, कवळी लावून, स्वतःच्या जाण्याची तयारी म्हणून बसली. तिला पुन्हा बस कसं म्हणायचं?

दुपारच्या उन्हात

मझौलीकडून कुणी ओळखीच्यानं पोतंभर मटार पाठवला होता. जबलपूरच्या थंडीत घरोघर हेच काम चालतं. अंगणात चटई टाकून मामी, सुनंदा आणि मी सोलायला बसलो. प्रकाशराव खांबाआड वर्तमानपत्र वाचत होते, पान काही उलटत नव्हते. मी सगळं सांगितलं. वरची खोली, मेंदी, खाली, पूरा, पेरू. काही वगळलं नाही.

मामीचा हात थांबला. "म्हणजे नाहीच राहिला?"

"नाही मामी."

"एकही?"

"एकही नाही. माझं चुकलं. मी दुसरं कार्ड ठेवायला हवं होतं."

तिनं एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला सरकले, तर मामी हसत होती. कवळी नव्हती, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर.

"जावईबापू, इकडे या," तिनं हाक मारली. प्रकाशराव खांबाआडून आले. "तुम्ही मला खाली केलं म्हणता?"

"गलती हो गई, मम्मीजी."

"गलती नाही. लई चांगलं झालं." मग ती माझ्याकडे वळली, आणि आवाज एकदम खाली आला, आपल्या मराठीतला खाली. "वर्षे, तुला सांगू? तो फोटो काढला तवापासून मला जेवण जाऊन नव्हतं राहिलं. एवढा चांगला आला. मनात आलं, आता सगळं तयार झालं, आता काय राहिलं? फोटो तयार झाला की माणसाला निघाच लागते. काल सकाळी उठली तर पहिल्यानं भिंतच पाहिली, कुठं खिळा ठोकतील म्हणून."

सुनंदा खाली मान घालून सोललेलीच शेंग पुन्हा सोलत होती. मला भरून आलं. त्या सकाळी खिडकीच्या उजेडात मी स्वतःवर खूश होते, आणि समोरची बाई घाबरली होती. एवढ्या चांगल्या कॅमेऱ्यातून एवढ्या जवळून पाहूनही मला ते दिसलं नव्हतं.

"मामी, पुन्हा काढायचा का? नको असेल तर नको," मी म्हटलं.

"आत्ता नाही. फोटो आपणहून गेला, म्हणजे अजून वेळ आहे. पण काढायचा आहे, हे पक्कं आहे. अन् तूच काढायचा, मोठ्यानंच." तिनं मटाराचं भांडं बाजूला केलं. "तर असं कर, मोठा इथंच ठेवून जा. तो इथं, तू तिथं. तू येशील तवा काढू. तवर मला कुठं जाता येते?"

मी सुनंदाकडे पाहिलं, सुनंदानं माझ्याकडे. तिला फिरायला जाताना हलका धाकटा हवा होता, हे तिनं मला मागाहून सांगितलं; आणि मला थोरला सोडवत नव्हता. इतकी वर्षं तो माझा होता. पण आता त्याला माझ्यापेक्षा मोठं काम मिळालं होतं.

"आणि मी तो उचलू घाटावर?" सुनंदा म्हणाली.

"मैं उठाऊँगा," प्रकाशराव घाईघाईनं म्हणाले. "रोज सुबह. मी उचलणार."

"उचला," मामी म्हणाली. "पण माझ्याकडे रोखायचा नाही. झाडं काढा, पक्षी काढा. पेरू काढा. तुमचा हात त्यावर चांगला बसला आहे."

यावर पहिले प्रकाशरावच हसले. मग मी आत जाऊन धाकटा आणला आणि अंगणातल्या त्या सगळ्या पसाऱ्याचा फोटो काढला, सालांचा ढीग, उन्हातली चटई आणि मामी. तिनं हरकत घेतली नाही.

"काढ, काढ," ती म्हणाली. "यानं काढलेला कुणी टांगत नाही."

निघताना थोरल्याची पिशवी मी स्वतः मामीच्या खोलीत नेऊन ठेवली. गाडीत बसल्यावर माझा उजवा खांदा सवयीनं वर उचलला जाई, नसलेला पट्टा सावरायला. आता हळूहळू तो खाली आला आहे. हात मागे जातो, वेणी घालता येते. पेशंटना सांगते त्यातलं थोडं आता मीही पाळते. कधी कधी रविवारी डोंगरावर उजेड चांगला पडतो, तेव्हा थोरल्याची आठवण येते आणि जरा वाईट वाटतं. मग मी धाकट्याला बंद करून पुन्हा चालू करते.

घरी पोचल्याचं कळवायला फोन केला, तो मामीनंच घेतला. "पोचली? बरं झालं. मोठ्याला कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे. जावईबापूंना सांगितलं, सकाळी न्यायचा अन् वरच ठेवायचा, खाली नाही."

"मामी, मी पुढच्या थंडीत येते."

"पुढची थंडी काहून? होळीला ये, राखीला ये, तू लवकर ये," मामी म्हणाली. "फोटोची काही घाई नाही."